मदत हवी आहे: पाणी योजनेच्या थकलेल्या वीजबिलावर विधानसभेत प्रश्न कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, पहिलीच टर्म. आमच्या पाच-सहा गावांची मिळून एक नळपाणीपुरवठा योजना आहे. तलावाकाठी उद्भव विहीर, मधे पंपगृह, टेकडीवर टाकी. बांधकामावर शासनाचा बक्कळ पैसा लागला, उद्घाटनाची कोनशिलाही चकचकीत आहे. पण बिल थकलं की वीज तोडतात, वीज तुटली की टँकर लागतो, आणि टँकरचा खर्च परत शासनाच्याच तिजोरीतून होतो. पंप चालवायला पैसा नाही, टँकर चालवायला आहे. हे गणित मला सभागृहात विचारलं जायला हवंय.

आमदारसाहेब तयार आहेत. त्यांचे पीए म्हणाले, "ताई, एका पानात लिहून द्या, येत्या अधिवेशनात तारांकित टाकू." तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. आता ते एक पानच लिहिता येईना.

अडचण अशी की दाद मागायला गेलं की प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो. वीज कार्यालयात सांगतात, दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि थकबाकी तुमची आहे. पंचायत समितीत सांगतात, केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. पाणीपुरवठावाले म्हणतात, योजना हस्तांतरित झाली, देखभाल-दुरुस्ती तुमच्याकडे.

वित्त आयोगाचं म्हणाल तर पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, त्यातला अर्धा पाण्याला आणि अर्धा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने पाण्याचं बिल बंधितमधून आणि पथदिव्यांचं अबंधितमधून भरायला मुभा दिली. मुभा म्हणायची एवढंच, सरपंचांनी तेव्हाच ओरड केली होती. केंद्राचा पैसा गावात येतो आणि बिलाच्या रूपाने निघून जातो. पाणीपट्टीबद्दल विचारू नका. लोक तोंडावर म्हणतात, पाणी आठवड्यातून एकदा सोडता, पट्टी मात्र वर्षाची.

आणखी एक. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर शेतीपंप आहेत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेत बिल नाही. ते मिळालंच पाहिजे, आमच्या घरचा पंपही त्यातच आहे. पण पिण्याच्या पाण्याच्या पंपाला पूर्ण बिल का, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

माझा कच्चा मसुदा:

(१) जिल्ह्यातील पाणीपुरवठा योजना वीजबिलाअभावी बंद आहेत, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, शासन या योजनांना मोफत वीज देणार काय?
(३) सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे वीजदर अवाजवी आहेत असे शासनास वाटते काय?

जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचल्या. उत्तरं बहुतेक "हे खरे नाही" आणि "प्रश्न उद्भवत नाही" या दोन ओळींत संपलेली. आमचंही तसंच होऊ नये म्हणून काय करू? आणि प्रश्न कोणत्या खात्याला?

प्रतिसाद १

ताई, काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात हेच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तिसरा प्रश्न काढूनच टाका. मंत्र्यांचं मत विचारणारा प्रश्न स्वीकृत होत नाही. दुसऱ्यावर "असा प्रस्ताव विचाराधीन नाही" एवढं लिहून ते मोकळे. पहिला सगळ्यात कच्चा. "योजना बंद आहेत" म्हटलंत की त्या दिवशी एक तास पंप चालला असला तरी "हे खरे नाही" लिहिता येतं, आणि (१) नाकारला की खालचे सगळे आपोआप "उद्भवत नाही".

म्हणून (१) मध्ये घटना लिहू नका, कागद लिहा. ग्रामपंचायतीने गटविकास अधिकाऱ्यांना किंवा जिल्हा परिषदेला वीज तोडल्याबद्दल पत्र दिलं असेलच. "अमुक दिनांकाच्या पत्रान्वये कळविले आहे, हे खरे आहे काय" असं विचारा. आवक क्रमांक असलेलं पत्र नाकारायला कुणी धजावत नाही. आणि बाकीचे प्रश्न "असल्यास" ला बांधू नका, आकडा विचारणारा प्रश्न स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे.

खातं म्हणाल तर तिन्ही खात्यांना मिळून एक प्रश्न नको. प्रत्येक खातं आपल्यापुरतं उत्तर देऊन बाकीचं दुसऱ्यावर ढकलतं. पैशाचा प्रश्न ग्रामविकासला, अनुदानाचा ऊर्जा खात्याला, असे दोन वेगळे टाका. दर कमी करा असं ऊर्जामंत्र्यांना विचारण्यात अर्थ नाही, ते खरंच वीज नियामक आयोगाकडे आहे. पण २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ६५ बघा. एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची तर राज्य सरकारने ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यायची असते. म्हणजे "दर आयोग ठरवतो" हे उत्तर निम्मंच झालं. सवलत देणं सरकारच्याच हातात आहे.

तारांकितवर सगळी भिस्त ठेवू नका. तोंडी उत्तरापर्यंत फार थोडे प्रश्न पोहोचतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी मिळतात. मार्चचं अधिवेशन असेल तर खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणारी) पण द्या. तिथे आमदारांना बोलायला मिळतं. प्रश्न तातडीचा वाटला तर विधानसभा नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना. ती लागली तर मंत्र्यांना निवेदन करावंच लागतं.

प्रतिसाद २

सभागृहाआधी बिल नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी घोळ तिथेच सापडतो. मीटर सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गवारीत आहे की भलत्याच? मंजूर भार पंपाच्या अश्वशक्तीशी जुळतो का? थकबाकीत मुद्दल किती आणि व्याज, विलंब आकार किती, हे वेगळं मागून घ्या. वीज तोडण्याआधी विद्युत कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस मिळाली होती का, तेही ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत बघा.

बिलातली चूक असेल तर आमदार कशाला हवेत? ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल मुंबईत आणि नागपुरात बसतात. कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे जावं लागतं, ते विसरू नका.

प्रतिसाद ३

प्रश्न टाकून काही होत नाही हो. आमच्याकडे तीन आमदार बदलले, टाकी तशीच कोरडी.

प्रतिसाद १ (पुन्हा)

होतं ते एवढंच की आकडा छापील उत्तरात येतो. पुढच्या वेळी अधिकारी तो बदलू शकत नाहीत. माझ्या लेखी तेही कमी नाही.

धागाकर्ती

खूप आभार. वर्गवारी बरोबर निघाली, पण थकबाकीत व्याजाचा वाटा मोठा दिसतोय, त्याचा तपशील लेखी मागितलाय. ग्रामविकास खात्यासाठी नवा मसुदा:

(१) संबंधित ग्रामपंचायतींनी नळपाणीपुरवठा योजनेचा वीजपुरवठा खंडित झाल्याबाबत गटविकास अधिकारी यांना पत्राद्वारे (दिनांक व आवक क्रमांक घालते) कळविले आहे, हे खरे आहे काय;
(२) जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित व अबंधित निधीतून पाणीपुरवठा व पथदिव्यांच्या वीजबिलापोटी वर्षनिहाय किती रक्कम भरली;
(३) आजअखेर थकबाकी किती, त्यात मुद्दल व व्याज किती;
(४) या योजनेचा वीजपुरवठा सुरळीत ठेवण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

टँकरचा खर्च यात पाचवा घालून विलंबाचा सहावा करू का?

प्रतिसाद १

नको, तो उपप्रश्नासाठी (मंत्र्यांच्या उत्तरानंतर सभागृहात विचारायचा) राखून ठेवा. आधी विचारलंत तर खातं तयारीने येईल. आमदारांच्या हातात आकडा हवा, आणि तो त्यांच्याकडे कागदावर हवा. "आजअखेर" काढून नेमकी तारीख लिहा, नाहीतर उत्तरात त्यांच्या सोयीची येईल.

टँकरच्या फेऱ्या आणि दिलेली देयकं तहसील कार्यालयातून माहिती अधिकारात मागवा. अर्ज १५० शब्दांत, विषय एकच, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अधिवेशनाच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात टाका.