पाचवी ते आठवी, शाळेचे नियम आणि आपण (सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा)

माहुलीकर:
लेक यंदा पाचवीत आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि दप्तरातून एक छापील कागद घरी आला. वर 'विद्यार्थी आचारसंहिता', खाली पालकांची सही. वेळेवर यावे, पूर्ण गणवेश असावा, मुलींनी दोन वेण्या घालाव्यात, नखे कापलेली असावीत, मोबाईल आणू नये, फाटकातून आत सायकल हातात धरून न्यावी, मधल्या सुट्टीत आवाराबाहेर जाऊ नये, बाकांवर काही कोरू नये. भली मोठी यादी. ती वाचताना मला आमच्या सहावीच्या वर्गशिक्षिका आठवल्या.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमची शाळा. बाईंनी जूनमध्ये फळ्यावर नियम लिहिले नाहीत. पहिल्या दिवशी आख्खा वर्ग उठवला आणि शाळाभर फिरवला. पाण्याच्या टाकीपाशी नेऊन म्हणाल्या, "नळ मोजा." चालू नळ दोन, पोरं शेकड्यांनी. रांग का लावायची ते तिथंच कळलं. मग दगडी जिना दाखवला. अरुंद, पायऱ्या झिजलेल्या, म्हणून चढणारे डावीकडून आणि उतरणारे उजवीकडून. शेवटी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेलं. तिथं सातवीचा स्कॉलरशिपचा जादा तास चालायचा (तेव्हा ती परीक्षा चौथी-सातवीला असे, मधली काही वर्षं पाचवी-आठवीला होती). आम्हाला आत बसवलं आणि दोन मुलांना बाहेरून ओरडत पळायला सांगितलं. व्हरांड्यात आरडाओरडा का करायचा नाही, हे नंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एक नियम तेवढा राहिला. मधल्या सुट्टीत मैदानावर फक्त मुलं खेळायची, मुलींनी व्हरांड्यात डबा खायचा. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, याचं पण कारण दाखवा की." बाई गप्प झाल्या. आठवडाभरात मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ आली आणि अर्धं मैदान आमचं झालं. आम्ही तिथं खो-खो खेळलो, ते थेट आठवी संपेपर्यंत.

कारण दाखवता आलं की दहा-बारा वर्षांचं पोर नियम मनापासून पाळतं, आणि ज्याचं कारण दाखवता येत नाही तो नियम मोठ्यांनीच पुन्हा तपासावा, असं मला तेव्हापासून वाटतं. तुमच्या पाचवी ते आठवीतलं काय आठवतं? चांगलं-वाईट सगळं लिहा.

वारणाकाठ:
मुक्कामी गाडी!!! दुसरं काय आठवणार. मुक्कामी एसटी सकाळी निघायची, पण कधी पंक्चर, कधी ड्रायव्हर चहाला. शाळेत प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद. आम्ही चार गावांची पोरं बाहेर. मग शिक्षा म्हणून मैदानातले खडे वेचा. गावातली पोरं आत कवितेच्या चाली म्हणतायत आणि आम्ही खडे वेचतोय. आमचं काय चुकलं हेच कळायचं नाही. सातवीत नवे हेडसर आले. त्यांनी एसटीच्या पोरांची वेगळी वही केली. गाडी उशिरा आली की शिपाईमामा वहीत वेळ लिहायचे आणि आम्ही थेट वर्गात. महिन्याने तीच वही घेऊन सर स्वतः डेपोत गेले. गाडी वेळेवर यायला लागली की राव!

चहा_कमी:
सोमवारी नखं, गुरुवारी केस. बाकी सविस्तर लिहीन, कुकर लावलाय.

कोयनाकाठची:
मैदानाची रेघ फार आवडली माहुलीकर ताई. आमच्याकडे गजऱ्याला बंदी होती. श्रावणी शुक्रवारी आई अबोलीचा गजरा घालून पाठवायची. फाटकाशी तो काढून टाकायला लावत, आणि तिथल्या धुळीत अबोलीचा खच पडायचा. आमच्या हिंदीच्या बाईंना ते बघवेना. त्यांनी टेबलावर पाण्याची परात ठेवायला सुरुवात केली. गजरे परातीत ठेवायचे आणि शाळा सुटताना आपापले घेऊन जायचे. नियम मोडला नाही आणि आयांच्या हातची फुलंही वाया गेली नाहीत. आज मी स्वतः नोकरीत माणसं सांभाळते, तिथे त्या परातीचा मला उपयोग होतो.

भडंगप्रेमी:
शाळेबाहेर जायचं नाही म्हणे! फाटकाबाहेर आवळे, चिंचा, पेरूला तिखटमीठ लावून देणारी आजी बसायची. फाटकाच्या गजातून हात घालून देवाणघेवाण. पाय आवारातच होते, त्यामुळे नियम पाळला 😀

चहा_कमी:
@भडंगप्रेमी आमची आजी बोरकूट पण ठेवायची. तोंडाला पाणी सुटलं.

डोंगरवाट:
मी वेगळं लिहितो. आमच्या वर्गात निरगुडीचा फोक असायचा. कंपासपेटी आणली नाही, दे फोक. वह्यांना कव्हर नाही, दे फोक. वडील रोजगारावर. शनिवारी पगार झाला की रविवारच्या बाजारात वही यायची, त्याआधी नाही. हे मी सरांना सांगू शकलो नाही, कारण वर्गासमोर "तुझा बाप काय करतो" असं विचारायचे. फोकाचे वळ दोन दिवसांत जायचे. तो प्रश्न मात्र वर्षभर पोटात असायचा. सातवीत मी भूमितीच्या तासाला दांडी मारायला शिकलो, आणि भूमिती तर मला आवडायची.

कोयनाकाठची:
डोंगरवाट दादा, वाचून गलबलून आलं.

गावचा_तात्या:
मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही शिकलो, असं मला वाटतं. आता शिक्षकाला हात बांधून उभं केलंय. पोरं ऐकणार कुणाचं?

सांगलीवाडी:
तात्या, तुमचा मान ठेवून सांगतो. तुम्ही छडीमुळे टिकला असाल, पण छडीमुळे ज्यांनी शाळा सोडली ते इथं लिहायला येणार नाहीत. माझा थोरला भाऊ त्यातला. सहावीत बसला घरी, ऊसतोडीच्या गाडीमागं गेला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ मध्ये मारायला बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. हा दुसरा भाग लोकांच्या लक्षातच राहत नाही. डोंगरवाट यांना वर्गासमोर विचारलेला तो प्रश्न त्याच भागात बसतो.

गावचा_तात्या:
तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. भाऊ आता काय करतात?

सांगलीवाडी:
ट्रॅक्टर आहे स्वतःचा. पोरीला बी.एस्सी. केलं. शाळेच्या पालकसभेला कधी चुकत नाही तो.

मिरजेची_माऊ:
माहुलीकर, मग सही केली का?

माहुलीकर:
केली. फक्त दोन वेण्या आणि मेंदी या दोन कलमांपुढे 'कारण कळवावे' असं लिहिलं. वर्गशिक्षिकेचा फोन आला, चांगलं बोलल्या. वेण्यांचं कारण उवा म्हणाल्या, ते पटलं. पण केस कापलेले असतील तर? यावर त्या पालकसभेत बोलू म्हणाल्या.

मिरजेची_माऊ:
उवा 😄 कापूर घातलेलं खोबरेल तेल आणि बारीक दातांची फणी. आठवीपर्यंत दर रविवारी हाच कार्यक्रम.

कडेगावकर:
मोबाईलचा नियम वाचून लिहितोय. आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल ऐकलं असेल. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या हातात फोन गेला तो सुटेना, तेव्हा गावाने मिळून ठरवलं. मला त्यातलं एक फार मोलाचं वाटतं. भोंगा वाजला की आईची मालिकाही बंद आणि बापाचा व्हॉट्सॲपही बंद. पोराला "फोन ठेव" म्हणणारा माणूस स्वतःचा फोन आधी ठेवतो. आमच्या घरी आम्ही भोंग्याशिवाय हे करून बघतोय. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त चुळबुळ आजोबांची होती.

खटावचा:
कडेगावकर, अगदी बरोबर. माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत होते. तिथं शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे. पण पंतप्रतिनिधी भवानराव स्वतः रोज घालायचे आणि हे सगळ्या पोरांना माहीत होतं. आजोबा म्हणायचे, राजा घालतो म्हटल्यावर आम्ही कंटाळा कसा करणार? म्हातारपणीही त्यांनी ते सोडले नाहीत.

पोवईनाका:
साताऱ्याच्या शाळांचे नियम निघाले आहेत तर हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आताचं प्रतापसिंह हायस्कूल. म्हणून आपल्याकडे ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, परवाच झाला. त्या काळी वर्गात वेगळं बसायचं, ते घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलं तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. हे कुठल्या कागदावर छापून सहीसाठी घरी पाठवलेलं नव्हतं, तरी पोरांकडून काटेकोर पाळून घेतलं जायचं. माहुलीकर ताई, तुमच्या बाईंनी पाण्याचे नळ मोजायला लावले ना, तेव्हा मला हेच आठवलं. सगळ्यांची एकच रांग ही फार कष्टाने मिळालेली आहे. शाळेच्या नियमात ती पहिली लिहावी.

माहुलीकर:
पोवईनाका, हे मी पालकसभेत वाचून दाखवणार. परवानगी आहे ना?

पोवईनाका:
परवानगी कसली ताई, जरूर वाचा.

आयर्विनपूल:
२०१९ चा पूर. घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. लेक सातवीत होता. शाळा सुरू झाली तेव्हा त्याच्याकडे कुणीतरी दिलेली जीन्स आणि मापाला मोठा टी-शर्ट. फाटकापाशी पाय अडखळला त्याचा. आत बघतो तर मुख्याध्यापिकाबाई स्वतः चिखल काढायच्या जुन्या ड्रेसमध्ये उभ्या, आणि फळ्यावर लिहिलेलं: दिवाळीपर्यंत गणवेश नाही, सगळे या. आणखी लिहायला जमत नाहीये.

कोयनाकाठची:
🙏🙏

भडंगप्रेमी:
आयर्विनपूल, आम्ही तेव्हा कोल्हापूर रोडला अडकलो होतो. तुमच्या लेकाला आशीर्वाद. आता कॉलेजला असेल ना?

आयर्विनपूल:
हो, डिप्लोमा करतोय.

खडू_आणि_डस्टर:
वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. पेपर तपासता तपासता हा धागा वाचला, राहवलं नाही.

साखर कारखाना सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्यातली दोन-चार मुलं मधूनच माझ्या वर्गात. पहाटे तीनला आईबरोबर उठलेली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली. आता नियम बघा. वेळेवर येणे, पूर्ण गणवेश, गृहपाठ, भावंडांना वर्गात आणू नये. असं पोर पहिल्याच दिवशी चार नियम मोडून वर्गात पाऊल टाकतं. मी हजेरी घेताना त्याला उभं केलं तर दुसऱ्या दिवशी ते येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून आमच्या वर्गात जूनमध्ये मुलंच नियम ठरवतात आणि नोव्हेंबरात, टोळीची मुलं आली की, पुन्हा बसून बदलतात. यंदा एका मुलाने सुचवलं, लहान भावाला मागच्या सतरंजीवर बसू द्यायचं आणि त्याला पाटी द्यायची. ठराव मंजूर. तो छोटा आता 'अ आ इ' गिरवतो. दुसरा नियम मुलींनी घातला: कुणाच्या बोलण्याला, कपड्याला, डब्याला हसायचं नाही. टोळीतल्या मुलीने भाकरी-ठेचा आणला होता, त्यावरून कुणीतरी हसलं होतं. हा नियम मी सुचवला असता तर फळ्यावरच राहिला असता. पोरींनी केला, त्यामुळे त्या पाळून घेतात, अगदी माझ्याकडूनही. परवा एकाच्या अक्षरावर मी हसले, लगेच दोन हात वर!

आणि तात्या, हात बांधलेले मला तरी वाटत नाहीत. वर्गात गोंगाट असतो, थकायलाही होतं. पण ऐकतात पोरं. आधी त्यांचं ऐकावं लागतं, त्याला वेळ जातो, आणि आम्हाला शिकवण्यापलीकडची कामं इतकी लावलेली आहेत की तो वेळ चोरून काढावा लागतो. राग धरायचा तर त्या कामांचा धरा.

गावचा_तात्या:
बाई, तुमची शाळा बघायला आलो तर चालेल का?

खडू_आणि_डस्टर:
या की! शनिवारी सकाळची शाळा असते, कवायत बघायला या.

वारणाकाठ:
बाई, एक विचारायचं होतं. आमच्या रानात टोळी उतरलीय. त्यांच्यात अकरा-बारा वर्षांची एक पोर आहे, दिवसभर कोप्यांपाशी (त्यांच्या झोपड्यांपाशी) भांडी घासते, धाकटी सांभाळते. तिची आई म्हणते दाखला नाही, जन्माचा कागद नाही, शाळा घेणार नाही. खरं आहे का?

खडू_आणि_डस्टर:
अजिबात नाही. वयाचा कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तसं कायद्यातच आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी अडवता येत नाही. तिच्या वयाप्रमाणे पाचवी-सहावीत बसेल, मागे पडलेलं आम्ही भरून घेऊ. गणवेशाची काळजी करू नका. तिला आणि आईला घेऊन जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. धाकट्यालाही न्या, नाहीतर ती यायचीच नाही.

वारणाकाठ:
आई पहाटेच फडावर जाते. आज रात्री कोपीवर जाऊन बोलतो. मुकादमालाही सांगावं लागंल.

सांगलीवाडी:
मुकादमाशी बोलताना माझ्या भावाला बरोबर घ्या. त्या लोकांत वावरलेला माणूस आहे, त्याचं ऐकतील. नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो.