२००९ चा स्वाइन फ्लू : उगाचच बोंबाबोंब होती का?

बर्डीकर:
नागपूरच्या गोरेवाडा प्राणी केंद्रात तीन वाघ अन् एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कोणी ना कोणी "आता पुढची महामारी" म्हणून फॉरवर्ड टाकतंच. अरे २००९ पाहिलंय ना आपण. ११ जूनला डब्ल्यूएचओनं स्वाइन फ्लूला महामारी म्हटलं, ऑगस्टात पुण्यात देशातला पहिला बळी गेला अन् इकडं नागपुरात सगळे तोंडाला रुमाल बांधून, औषधवाल्यांनी मास्कचे भाव वाट्टेल ते लावले. अन् टेस्टमध्ये पक्के ठरलेले मृत्यू जगभरात किती, तर साडेअठरा हजार. साध्या फ्लूनं दरवर्षी याच्या कितीतरी पट जातात. टॅमिफ्लू हे फ्लूचं औषध विकलं, लशी विकल्या, झालं.

मेडिकल_चौक:
भाऊ, एकीकडं मोजलेले आकडे अन् दुसरीकडं अंदाजाचे, अशी तुलना होते का? खेड्यात न्यूमोनियानं गेला त्याचा स्वॅब कोणी घेतला? अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेनं, सीडीसीवाल्यांनी, २०१२ ला अंदाज काढला तो दीड लाख ते पावणेसहा लाख, अन् साध्या फ्लूत म्हातारे जातात, ह्याच्यात बहुतेक ६५ च्या आतले.

बर्डीकर:
बरं, आकड्याचं मान्य. पण महामारी ठरवायचं डब्ल्यूएचओचं ते सहा टप्प्यांचं (फेजचं) गणित आजार किती पसरला ह्यावर होतं, किती मारतो ह्यावर नाही. अन् डब्ल्यूएचओला सल्ला देणाऱ्या कमिटीतल्या लोकांची नावं साथ संपेपर्यंत लपवून ठेवली, ते काहून?

इतवारीचा_म्हातारा:
नावं लपवली ते चूकच. पण १९१८ च्या फ्लूचं ऐका. जूनमध्ये मुंबईत शिरला, पहिली लाट मामुली वाटली, अन् पावसाळा सरता सरता दुसरी आली ती गावंच्या गावं घेऊन गेली. मध्य प्रांत-वऱ्हाड, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी, तो देशात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या भागांत होता. माझ्या आजीच्या माहेरी दसरा ते दिवाळीच्या मधात चार माणसं गेली, दिवा लावायला कोणी नव्हतं म्हणे. १९११ ते १९२१ ह्या एकाच दशकात देशाची लोकसंख्या घटली. मग जून २००९ ला दुसरी लाट कशी येईल हे कोणाला माहीत होतं बाप्पा?

बर्डीकर:
काका, तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, लोकं आधीच उपाशी. २००९ ला ते लागू होत नाही.

मेडिकल_चौक:
मग २०१५ घ्या. तोच स्वाइन फ्लूचा व्हायरस एच१एन१, देशात ४२ हजारांवर केसेस, जवळपास ३ हजार मृत्यू, विदर्भातही बेकार हाल. तेव्हा कोणी महामारी-बिहामारी म्हटलं नाही, म्हणून आम्हीही माझ्या मावसभावाला साधी सर्दी समजून पाच दिवस घरीच काढा पाजत बसलो. टॅमिफ्लू पहिल्या ४८ तासांत द्यावं हे कळलं तोपर्यंत तो व्हेंटिलेटरवर. बारा दिवस.

बर्डीकर:
वाचला ना?

मेडिकल_चौक:
वाचला. आता दरवर्षी पावसाळ्याआधी अख्खं घर लस घेतं. व्हायरस बदलतो म्हणून लसही दरवर्षी नवी निघते, मागच्या वर्षी घेतली म्हणून बसू नका.

बर्डीकर:
आईला देतो ह्या वर्षी. पण कमिटीच्या नावांचं उत्तर अजून कोणी दिलं नाही बरं का.