मालिकेतल्या कुणाची बाजू घेऊन तुम्ही घरात भांडलात?

माजघर:
काल रात्री लेक फोनवर 'रात्रीस खेळ चाले २' बघत पडली होती. मध्येच म्हणाली, "आई, शेवंता वाईट होती का गं?" मी ओटा पुसत होते, हात तिथेच थांबला.

२०१९ आठवलं. एरवी नऊलाच आडव्या होणाऱ्या आमच्या सासूबाई साडेदहाच्या या मालिकेसाठी जाग्या राहायच्या. उद्याची भाजी निवडायला घेऊन टीव्हीसमोर बसायच्या. घरात सगळे अण्णा नाईकांवर फिदा. माधव अभ्यंकरांनी नुसती नजर वळवली तरी धाकटे दीर "वा अण्णा!" म्हणायचे. त्या माणसानं किती जणांना संपवलं, बायकोला काय काय भोगायला लावलं, कुणाला काही नाही. शिव्या सगळ्या शेवंताला, अण्णांचं बाहेर जिच्याशी होतं तिला. मीही त्यातच. एकदा बोलून गेले, "ही बाईच वाईट, दुसरीचा संसार मोडला."

सासूबाई गवारीच्या शिरा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती कोण कुठली, तिला काय बोलायचं? बाहेर जाणारा तर घरचाच ना. आणि तिकडून आला की त्याला गरम वाढणारी मीच."

म्हणायचं होतं माई, अण्णांची बायको. तोंडून 'मी' गेलं. दीर टीव्हीत गुंग, ह्यांचं लक्ष नव्हतं. मी ऐकलं. त्यांनी ती शेंग मोडून ताटात टाकली आणि पुढची उचलली. सासरे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मला या घरात कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, मीही त्या रात्री विचारलं नाही. आता सासूबाईही नाहीत.

लेकीला काय सांगू ते काल सुचलं नाही. म्हणून हा धागा. एखाद्या पात्रावरून तुमच्या घरात काय झालं, कुणाबद्दलचं मत बदललं, लिहा.

रातराणी:
विक्रांत सरंजामे. अजून माफ केलेलं नाही!

कुडाळची:
माजघर, वाचून घशात आवंढा आला. आमच्या वाडीत अशा तीन तरी माई होत्या. नावं घेत नाही.
आमच्याकडे 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वाच्या वेळी, २०१६ ला, भांडण वेगळंच होतं. कोकण म्हणजे भुतंखेतं नि करणी, असंच दाखवतात म्हणून बाबा चिडायचे. आणि आई म्हणायची, टीव्हीवर आपली मालवणी रोज ऐकूक मिळता, गप बसा. दोघांचंही बरोबर होतं. आता येणारो प्रत्येक पावणो आकेरीचो शूटिंगचो वाडो बघूक व्हयो म्हणता!

रातराणी:
आता बसून लिहिते, कुकर लावलाय. 'तुला पाहते रे' सुरू झाली २०१८ ला, तेव्हा मी ईशाच्याच वयाची. सगळ्यांचा आक्षेप काय, तर वीस वर्षांनी मोठा. मी आईशी कडाकडा भांडले, माणूस बघ, वय काय बघतेस म्हणून. त्यात विक्रांत म्हणजे सुबोध भावे! आणि मग कळतं की हा विक्रांत खरा गजा पाटील, पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा जीव घेतलेला. त्या रात्री मी जेवले नाही. माझा विश्वास वापरून घेतला असं वाटलं. आई एक शब्द बोलली नाही, त्याचा जास्त राग आला.

चहाबाज:
रातराणी, मला उलट तोच भाग खरा वाटला. माझ्या मावसबहिणीला फसवणारा काही पहिल्या दिवशी शिंगं लावून आला नव्हता. सगळ्यांना आवडला होता. आजोबांना पेपर वाचून दाखवायचा. लेखकांनी आपल्याला ईशाच्या शेजारी बसवलं आणि तिच्याइतकंच फसवलं, याला मी दाद देतो.
माझी तक्रार पुढची आहे. ईशा म्हणजे राजनंदिनीचा पुनर्जन्म, हे कशाला? ईशाला स्वतःच्या डोक्यानं त्याचा खोटेपणा शोधू द्यायचा होता. मागच्या जन्मातलं आठवून सगळं कळलं म्हटल्यावर त्या पोरीची हुशारी कुठे राहिली? खऱ्या आयुष्यात कुणाला मागचा जन्म आठवतो? बहिणीला पासबुकातल्या नोंदी बघून कळलं.

रातराणी:
पुनर्जन्माला +१. बहीण बरी आहे ना आता?

चहाबाज:
हो, उत्तम आहे. स्वतःचं पार्लर आहे तिचं.

शेवटची_लोकल:
मी फक्त जान्हवीसाठी आले. 'होणार सून मी ह्या घरची'. तिला आणि मला एकाच सुमारास दिवस गेले. माझं डोहाळजेवण झालं, बाळंतपण झालं, बारसं झालं, लेक पालथा पडायला लागला, तरी ती आपली तशीच. सासरे रोज विचारायचे, "मोकळी झाली का गं ती?" विषयाला सोडून आहे, पण आठवलं की अजून हसू येतं. गाडी आली, पळते.

कुडाळची:
😂😂 आमच्याकडे तर बाळासाठी नावं सुचवून झाली होती.

वऱ्हाडी_ठेचा:
राधिका! 'माझ्या नवऱ्याची बायको'. लग्न होऊन पुण्यात आले तर माझ्या 'करून राहिली, जाऊन राहिली'ला सगळे हसायचे. राधिका टीव्हीवर तसंच बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा मी ऑफिसात मोकळी बोलले. पण साडेचार वर्षं तो तिचा नवरा गुरुनाथ खोटं बोलतो, पकडला जातो, पुन्हा खोटं बोलतो. बाई मसाल्याचा एवढा धंदा उभा करते आणि गोष्ट फिरून फिरून त्याच्याच भोवती. मला तिचा धंदा बघायचा होता. उधारी कशी वसूल केली, पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवलं.

सुपारी:
ठेचा, तुझ्याकडे सावजी मसाल्याचं प्रमाण आहे का? दगडफूल किती घालायचं?

वऱ्हाडी_ठेचा:
आहे, आईला विचारून देते. दगडफूल बेतानं, जास्त झालं तर कडू लागते.

गच्ची:
माहेर वाईकडचं. आमच्या घरात 'देवमाणूस' कुणी लावलं नाही. ही मालिका ज्यावर बेतली ते धोमच्या डॉक्टरनं केलेल्या खुनांचं प्रकरण २०१६ ला उघडं पडलं, शेतात पुरलेले मृतदेह काढले, तेव्हा आसपासच्या गावांत लोक दिवेलागणीनंतर बाहेर पडत नव्हते. चार वर्षांत त्यावर मालिका. सरू आजीच्या म्हणींवर सगळा महाराष्ट्र हसला, दुसऱ्या गावची असते तर मीही हसले असते.
एकदा मैत्रिणीचा फोन आला, "आज वाटलं सापडतो, पण सुटला बाई!" माझ्या हातापायातली शक्तीच गेली. तिचा दोष नाही. रोज रात्री कथा त्याच्या खांद्यावरून दाखवली की आपण त्याच्यासाठी श्वास रोखतो. एखादा भाग तरी वाट बघणाऱ्या घरातून दाखवायला हवा होता. दाराशी कुणाच्या चपला नाहीत, एवढंच दाखवलं असतं तरी चाललं असतं.

चहाबाज:
गच्ची, हे वाचून गप्प झालो.

सुपारी:
मी 'आई कुठे काय करते'वाली. शेजारच्या काकू बंगाली, त्या मूळची 'श्रीमोयी' बघायच्या, मी अरुंधती. कपडे वाळत घालताना गॅलरीतून चर्चा. काकू एकदा म्हणाल्या, नवऱ्याच्या मैत्रिणीला, संजनाला, लोक रस्त्यात धरून मारतील आणि नवऱ्याला, अनिरुद्धला, चहा पाजतील. तेव्हा मी संजनाच्याच नावानं खडे फोडत होते. आज माजघरच्या सासूबाईंचं वाक्य वाचलं आणि काकू आठवल्या. दोघी एकच बोलल्या की.

रातराणी:
'आभाळमाया' कुणाला आठवते का? सुधाच्या नवऱ्यावर, शरदवर, आमची आत्या इतकी चिडायची की मनोज जोशी दुसऱ्या कशात दिसले तरी चॅनल बदलायची. जुने भाग कुठे मिळतील?

माजघर:
सगळ्यांचं वाचलं, मध्ये पाहुणे होते. सुपारी, हो गं, एकच बोलल्या.
लेकीला दुपारी आजीचं सांगितलं, गवारीसकट. तिनं विचारलं, "मग तू तेव्हा काय केलंस?" म्हटलं, काही नाही, त्यांच्या ताटातली अर्धी भाजी ओढून घेतली आणि शेजारी बसून निवडायला लागले.

सुपारी:
ठेचा, मसाल्याचं विसरू नकोस हं. रविवारी पाहुणे आहेत.