द्रुतगती मार्गावर मागून चिकटणाऱ्या गाड्यांना आवर कसा घालायचा?

घाटमाथा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही मुंबईहून पुण्याला निघालो होतो. भाताणचा बोगदा मागे पडल्यावर मधल्या लेनमध्ये एक सिमेंटचा बल्कर आणि त्याच्या मागे एक टेंपो असे दोघे रमतगमत चाललेले दिसले, म्हणून त्यांना ओलांडण्यासाठी मी उजव्या लेनमध्ये आलो. काटा ९८ वर होता आणि मोटारींसाठी सपाटीवरची मर्यादा १०० आहे. टेंपो मागे पडतो न पडतो तोच एक पांढरी एसयूव्ही मागून आली. आधी आरशातून तिची नंबर प्लेट दिसेनाशी झाली, मग दिवेही काचेच्या कडेखाली गेले आणि नुसते बॉनेट उरले. वर डिपरचा, म्हणजे दिव्यांच्या उघडझापीचा, मारा चालूच. मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना त्याला." पण द्यायला वाट नव्हती, कारण डावीकडे बल्कर होता. अखेर ती गाडी टेंपो आणि बल्कर यांच्यामधल्या फटीतून पार डाव्या लेनमध्ये घुसली, बल्करला डावीकडून ओलांडून माझ्या पुढे आली आणि दिसेनाशी झाली. खालापूरच्या टोलनाक्यावर ती आमच्या रांगेत दोन गाड्या पुढे उभी होती, हे आपले जाता जाता.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार पुढचे वाहन एकाएकी थांबले तरी धडक होणार नाही, इतके अंतर मागच्या चालकाने राखायचे असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या दीड सेकंदात ती ४० मीटर पुढे गेलेली असते. ती एसयूव्ही माझ्यापासून पाच मीटरवरही नव्हती. वेगाचे चलन मला स्वतःला एकदा आलेले आहे, परंतु अंतर राखले नाही म्हणून कोणाला चलन आल्याचे माझ्या ओळखीत अजून ऐकलेले नाही. हा गुन्हा आहे, असे आपल्याला वाटतच नाही का?

उजवी_लेन

आपल्या प्रसंगापुरती आपली बाजू बरोबर आहे, पण या प्रश्नाची सुरुवात मागच्या गाडीपासून होत नाही. उजवी लेन ओलांडण्यासाठी आहे आणि आपल्याकडे निम्मे लोक कळंबोलीला तिच्यात शिरतात ते किवळ्यालाच बाहेर पडतात. डावीकडच्या दोन्ही लेन मोकळ्या असताना, मुलाला बिस्किटाचा पुडा फोडून देत, ८० च्या वेगाने उजवीकडून जाणारी कुटुंबे मी दर आठवड्याला पाहतो. त्यांना डिपर दिला तर तो उद्धटपणा ठरतो, हॉर्न वाजवला तर भांडण होते आणि डावीकडून ओलांडले तर बेशिस्तीचा शिक्का बसतो. मग मागच्याने नेमके करायचे तरी काय?

दुसरे असे की, केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गांवर मोटारींची कमाल मर्यादा १२० ठरवली आहे आणि समृद्धी महामार्गावर आपण त्याच वेगाने जातो. इथे ती १०० आहे, ही राज्याची निवड झाली. त्यामुळे ११० ने जाणारा प्रत्येक जण माथेफिरू आहे, असे मी मानत नाही.

घाटमाथा

उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसणाऱ्यांविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. परंतु मी ठाण मांडलेले नव्हते, ओलांडत होतो, आणि मागच्याला तेवढी पंधरा सेकंदेही धीर धरवला नाही.

आता घाईचा हिशेबही मांडून पाहू. हा संपूर्ण मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. सलग १०० च्या वेगाने त्याला ५७ मिनिटे लागतात आणि १२० ने ४७. ही दहा मिनिटेसुद्धा घाट आणि टोलनाके नाहीत असे धरले तरच मिळतात. बोरघाटात हलक्या वाहनांची मर्यादा ६० आहे आणि शनिवारी सकाळी तिथे ३० चा वेग मिळाला तरी नशीब म्हणायचे. उलट १०० वरून १२० वर गेल्यावर वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

दहाचाकी

माझा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे आणि उमेदीची बारा वर्षे मी स्वतः स्टिअरिंगवर काढली आहेत. वर ज्या बल्करला मोटारीने डावीकडून ओलांडले, त्याच्या चालकाच्या जागी बसून पाहा. डाव्या आरशात क्षणभर पांढरे काही चमकते आणि मग ते केबिनखाली नाहीसे होते, कारण त्या कोपऱ्यात आम्हाला काहीही दिसत नाही.

अंतराबद्दल पुस्तकात लिहिलेले सगळे खरे आहे. भरलेल्या गाडीचा एअर ब्रेक पायाखाली दाबला, तरी चाकापर्यंत दाब पोचायला क्षणभर जातो, म्हणून आम्हाला मोटारीपेक्षा बरेच जास्त अंतर लागते. पण आम्ही ते ठेवले की तुम्ही मोटारवाले त्याला रिकामी जागा समजता. पन्नास मीटर सोडा, लगेच दोन गाड्या आत येतात आणि आत येऊन ब्रेकही मारतात. आम्ही लेन सोडतो, ही तक्रार मला मान्य आहे. मात्र खालापूर ते खंडाळा या टप्प्यात जुन्या महामार्गाची वाहतूकही याच रस्त्यावर येते. तिथे पुढचा ट्रेलर चढणीला पहिल्या गिअरमध्ये रांगत असेल, तर मागच्याने तिथेच थांबायचे का? चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे काय असते, हे क्लचप्लेटचे बिल भरणाऱ्यालाच ठाऊक.

श्टुटगार्टकर

मी जर्मनीत राहतो. इथल्या महामार्गांवर बऱ्याच भागात वेगमर्यादाच नाही, हे सर्वांना माहीत असते, पण अंतराचा नियम किती कडक आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. काट्यावर जो आकडा असेल त्याच्या निम्मे मीटर अंतर ठेवायचे, असे इथे ड्रायव्हिंग स्कूलमध्येच घोकून घेतात. रस्त्याकडेला दर ५० मीटरवर पांढरे खांब असतात, त्यामुळे १०० च्या वेगाला पुढची गाडी एक खांब दूर असली पाहिजे, हे नुसत्या नजरेने कळते. पोलीस पुलावरून कॅमेऱ्याने अंतर मोजतात आणि फारच कमी भरले, तर ४०० युरोपर्यंत दंड होऊन काही महिने गाडी चालवण्यावर बंदी येते.

'उजवी_लेन' यांच्यासाठीही यात काही आहे. ओलांडण्याची सूचना म्हणून गावाबाहेर डिपर देणे इथे कायदेशीर आहे आणि कारण नसताना ओलांडण्याच्या लेनमध्ये, म्हणजे इथे डावीकडे, रेंगाळणे हा नियमभंग आहे. मात्र डिपर देत मागे चिकटून राहिलात, तर प्रकरण बळजबरीच्या फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते.

उजवी_लेन

दोन्ही बाजूंना दंड असेल, तर माझी हरकत नाही. आपल्याकडे जुलै २०२४ पासून द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आली, तेव्हापासून मीही १०० च्या आत असतो, कारण वेगाचा दंड हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आहे आणि मी काही दानशूर नाही. परंतु मोकळ्या रस्त्यावर उजवीकडे रेंगाळणाऱ्याला चलन आल्याचे मीही कधी ऐकलेले नाही. शिवाय 'दहाचाकी' म्हणतात तेच खरे आहे. पुढची गाडी जिथून गेली तिथे पोचायला आपल्याला दोन सेकंद लागावेत, इतके अंतर ठेवा म्हणतात, पण आपल्या रस्त्यावर ते दोन सेकंदांचे अंतर टिकतच नाही, त्यात कोणीतरी घुसतोच.

घाटमाथा

हा आक्षेप मला पटण्यासारखा वाटला, म्हणून काल परतताना सोमाटण्यापासून लोणावळ्यापर्यंत मी करून पाहिले. पुढच्या गाडीने खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचे आणि त्याआधी आपण खांबापाशी पोचलो, तर पाय सैल करायचा. तेवढ्या टप्प्यात सात गाड्या माझ्यापुढे घुसल्या. प्रत्येक वेळी मी पुन्हा दोन सेकंद मागे सरकलो, म्हणजे सातांमुळे माझी एकूण चौदा सेकंदे गेली.

उजवी_लेन

चौदा सेकंदे मान्य. त्या सातांपैकी डावीकडून किती आल्या, तेही लिहा, आणि तेव्हा आपण कोणत्या लेनमध्ये होतात?

घाटमाथा

पाच. मी उजवीकडे होतो.