वापरलेला बूस्ट कंट्रोलर विकताना गिऱ्हाइकाची गाडी विचारावी का?

ऑक्टाव्हियावाला
माझ्या जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बोचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून घेतली, त्यामुळे ग्रेडीचा प्रोफेक बी स्पेक २ हा बूस्ट कंट्रोलर (टर्बोने इंजिनात किती दाबाने हवा भरायची, म्हणजे बूस्ट, ते ठरवणारं यंत्र) काढून ठेवलाय. डिस्प्ले, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), वायरिंग सगळं शाबूत. विकायचाय. पण गाडी कोणती आणि ट्यूनिंग कोण करणार, हे विचारल्याशिवाय असला पार्ट कुणाच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. डिस्प्लेवर ‘सेट ४०’ दिसलं म्हणजे ४० पीएसआय दाब नव्हे. तो सोलेनॉइडच्या ड्यूटीचा, म्हणजे तो किती वेळ चालू राहतो त्याचा, टक्क्यांतला आकडा. माझ्या वेस्टगेटच्या (टर्बोला आवर घालणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जो बेताचा बूस्ट देतो, तोच आकडा दुसऱ्या गाडीत पिस्टन फोडू शकतो.

नाशिककर
अजिबात पटलं नाही. फ्री-फ्लो एक्झॉस्ट विकताना कोण चौकशी करतं? घेणारा सज्ञान असतो. शंभर प्रश्न विचारलेत तर तो कुर्ल्याला जाऊन स्प्रिंग-बॉलचा स्वस्त मॅन्युअल कंट्रोलर घेईल. त्यात ना लिमिटर, ना वॉर्निंग. तुमच्या काळजीने त्याचं इंजिन वाचलं की आणखी धोक्यात गेलं?

गॅरेजवाला
एक्झॉस्टशी तुलना चुकीची आहे, दादा. एक्झॉस्ट लावताना चूक झाली तर फार तर आवाज वाढतो. इथे सोलेनॉइडला तीन तोंडं आहेत: कॉम (सामाईक), एनओ (वीज नसताना उघडं), एनसी (वीज नसताना बंद). पाइप चुकीच्या तोंडाला लागला की ॲक्चुएटरपर्यंत (वेस्टगेट उघडणाऱ्या भागापर्यंत) दाब पोचतच नाही, वेस्टगेट मिटलेला राहतो आणि बूस्ट सुसाट चढतो. पेट्रोल तेवढं पुरलं नाही की मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं), मग इंजिनचं हेड गॅस्केट उडतं. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येतं तेव्हा दुरुस्तीला फारसं काही उरलेलं नसतं.

वापरलेला पीस घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: १२ व्होल्ट दिल्यावर टक् वाजलं म्हणजे सोलेनॉइड चांगला, असं नाही. ऑइलची वाफ जाऊन आत चिकटा बसतो. वीज बंद असताना एनसी तोंडातून फुंकून बघा, हवा निसटत असेल तर घेऊ नका.

सांगलीकर
मी म्हणतो, विकूच नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये स्पष्ट आहे: मालकाने नियमाबाहेर गाडीत बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला की विम्याचा वाद वेगळाच.

ऑक्टाव्हियावाला
कायद्याचं मान्य. म्हणून तर कोइंबतूरच्या करी रेस ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर मला आनंदच आहे, आणि म्हणूनच विचारायचं. टीएसआयवाल्याला (स्कोडा-फोक्सवॅगनच्या नव्या टर्बो पेट्रोल गाडीवाल्याला) तर देणारच नाही. त्या गाड्यांत बूस्ट किती हवा ते ईसीयू स्वतः ठरवतो. मध्ये दुसरा कंट्रोलर घुसला की त्याला ओव्हरबूस्ट दिसतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. त्यांनी रिमॅपच करावा.

नाशिककर
टीएसआयचं पटलं. पण ट्यूनरचं नाव मागणं अजूनही नाही पटत. परभणीच्या पोराने डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) कुठून आणायचा? तो वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावून, मिक्स्चर बघत, स्प्रिंगच्या दाबापासून थोडाथोडा बूस्ट वाढवत असेल तर त्याला नाही म्हणणार का? पुण्या-मुंबईबाहेरच्यांनी हा छंद करूच नये असा अर्थ होतो त्याचा.

ऑक्टाव्हियावाला
वाइडबँड असेल तर डायनोची पावती मला नकोच. माझी अट सैल करतो: मीटरचा चालू गाडीतला फोटो पाठवा, बस्स. मेमरी पुसून, सेट आणि गेन ही दोन्ही सेटिंगं शून्यावर आणून देईन. तीन तोंडांची जोडणी कागदावर काढून डब्यात ठेवीन. मीटर नसेल तर मात्र दुप्पट भाव दिला तरी नाही.

नाशिककर
मीटरची अट मान्य. फोटोची नाही, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा.

गॅरेजवाला
फोटो मागाच.