रुळाखालून सायकलचा भुयारी मार्ग आणि विकास आराखड्यातले सायकलमार्ग: मागणी नेमकी कशी लिहावी? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

रुळापल्याड
छत्रपती संभाजीनगर ते परभणी या 177 किमी रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण 2025 मध्ये मंजूर झालं. जालना त्याच मार्गावर आहे. 2023 मध्ये इथे महानगरपालिका झाली, म्हणजे पुढच्या 20 वर्षांचा विकास आराखडाही आज ना उद्या टेबलावर येणार. रुळापलीकडून शाळेला येणारी पोरं-पोरी आणि कामावर जाणारे सायकलवाले, यांच्यासाठी सायकलमार्ग आणि भुयारी मार्ग लेखी मागायचे आहेत. आराखड्यात ते कुठे आणि कसे दाखवून घ्यायचे? भुयाराचं माप आणि उतार किती मागावा? आणि पावसाळ्यात त्याचा हौद होऊ नये म्हणून कागदावर आधीच काय लिहून घ्यावं?

गटनंबर
"सायकल ट्रॅक द्यावा" असं मोघम लिहू नका, त्याला "नोंद घेतली" एवढंच उत्तर येतं. सूचना नकाशावर द्या: गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, सुरुवात, शेवट, रुंदी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना घेतात. मुदत तोकडी असते, म्हणून नकाशा आधीच तयार ठेवा. मंजुरीनंतरचा बदल कलम 37 च्या फेरबदलातून करावा लागतो आणि ते काम फार रेंगाळतं.

सायकलमार्गासाठी वेगळी 3 मीटरची पट्टी आरक्षण म्हणून मागू नका. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देतो, आणि नोटिशीच्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. अशी एखादी सुटी पट्टी मधूनच गेली की अख्खा मार्ग तुटला. त्यापेक्षा रस्त्याचीच रुंदी वाढवून मागा. 15 मीटरमध्ये हिशेब बसतो: दोन्ही बाजूंना 2-2 मीटर पदपथ, 2-2 मीटर सायकलमार्ग, अर्धा-अर्धा मीटर मोकळी पट्टी (उभ्या गाडीचं दार उघडलं तरी सायकलवाल्याला लागू नये म्हणून), मध्ये 6 मीटर वाहनांना. झाडांची रांग हवी असेल तर 18 मीटर. मे महिन्यात 42 अंशांत सावलीशिवाय सायकल कोण चालवणार? त्यामुळे मुख्य मार्गांवर 18 चाच आग्रह धरा.

अजून एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. शेजारच्या दोन लेआउटच्या खुल्या जागा एकमेकींना लागून आल्या तर गल्लीबोळ न फिरता आरपार जाता येतं. बहुतेक लेआउटना शेवटी कंपाउंड भिंत असते आणि शेजारच्या कॉलनीत जायला हमरस्त्याला वळसा पडतो. नेदरलँड्समध्ये हाउटन हे गाव 1970 च्या दशकापासून याच तत्त्वावर वाढवलं: मोटारीला बाहेरच्या गोल रस्त्यावरून वळसा, सायकलला गावातून सरळ वाट.

लेव्हलस्टाफ
भुयाराचं बोलतो. आधी जागा निवडा, माप नंतर. रुळांचा भराव जिथे उंच आहे तिथे भुयार स्वस्त पडतं आणि चढही कमी लागतो. हिशेब बघा: सायकल-पादचारी बॉक्सची (भुयाराच्या काँक्रीटच्या चौकोनी पेटीची) आतली उंची 2.75 मीटर, वरची स्लॅब 0.35, त्यावर रूळ, स्लीपर, खडी आणि थोडा भराव मिळून साधारण 0.9. म्हणजे रुळाच्या पातळीपासून 4 मीटर खाली. भराव जमिनीपेक्षा 1.5 मीटर उंच असेल तर उतरायचं फक्त 2.5 मीटर. 1:30 उताराने 75 मीटरचा रॅम्प, मध्ये 5 मीटरचा एक सपाट टप्पा. हेच मोठ्या वाहनांसाठी 5.5 मीटर उंचीचं केलं तर जमिनीपासून सव्वापाच मीटर खाली जावं लागतं आणि रॅम्प 157 मीटरच्या घरात जातो. शिवाय तेवढ्या खोलीतून पाणी काढावं लागतं.

1:20 चा उतार 20 मीटरपेक्षा जास्त लांब ठेवू नका. बिनगिअरची सायकल, कॅरिअरवर दुधाचे कॅन, असा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. तीव्र भाग तळाजवळ आणि सौम्य भाग वर ठेवा, म्हणजे उतरताना आलेला वेग चढायला कामी येतो.

रुंदी: दुतर्फा सायकलला 3 मीटर, पदपथाला 2, भिंतीपासून दोन्ही बाजूंना पाव-पाव मीटर सोडून. एकूण साडेपाच. तोंडाशी काटकोनी वळण नको. बाहेर उभं राहून पलीकडचा उजेड दिसलाच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी सातनंतर मुली त्या भुयारातून जाणार नाहीत.

मोठ्या वाहनांचं भुयार होणारच असेल तर त्याच्याच भिंतीलगत सायकलचा ओटा मागा. ट्रकला 5.5 मीटर उंची लागते, सायकलला अडीच पुरते. म्हणून ओटा वाहनांच्या रस्त्यापेक्षा अडीच मीटर वर ठेवता येतो. सायकलवाल्याचा चढ तेवढा वाचतो, आणि खालच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं तरी ओटा कोरडा राहतो.

दुहेरीकरणाची वेळ चुकवू नका. दुसऱ्या रुळाचा भराव पडायच्या आत त्याच्याखालचा बॉक्स उघड्यावर ओतता येतो. गाड्या सुरू झाल्यावर तेच काम जॅकने बॉक्स ढकलून किंवा ब्लॉक घेऊन (ठरावीक वेळ गाड्या थांबवून) करावं लागतं आणि खर्च कितीतरी वाढतो. दोन रुळांच्या मध्यांत साधारण 5.3 मीटर अंतर असतं. बॉक्सची लांबी तिसऱ्या रुळाला पुरेल अशी आत्ताच मागा.

रेल्वे फाटकावरची रहदारी टीव्हीयू (ट्रेन व्हेईकल युनिट) या एककात मोजते, म्हणजे रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले वाहनांची संख्या. त्यात सायकल आणि पायी माणूस धरला जात नाही. म्हणून महानगरपालिकेकडून सकाळी 6 ते रात्री 10 अशी सायकल-पादचाऱ्यांची वेगळी मोजणी करून घ्या. शाळेचा दिवस आणि बाजाराचा दिवस, दोन्ही घ्या. ती पत्राला जोडली नाही तर तुमची माणसं कागदावर उमटतच नाहीत.

उपसा
पाण्याचं मी सांगतो, कारण भुयारं बंद पडतात ती याच कारणानं.

दोन्ही बाजूंचे उघडे रॅम्प मिळून 1,500 चौरस मीटर धरा. तासाला 50 मिमी पाऊस, त्यातलं 90 टक्के वाहून आलं तर 67.5 घनमीटर तासाला, म्हणजे सेकंदाला 19 लिटर. त्याला सेकंदाला 20 लिटर क्षमतेचे दोन पंप (एक चालू, एक राखीव) आणि 12 घनमीटरचा हौद पुरतो. पण रॅम्पच्या तोंडाशी रस्त्याचं पाणी अडवलं नाही आणि बाहेरच्या एक हेक्टर क्षेत्रावरचं 70 टक्के पाणी आत उतरलं, तर त्याचेच 97 लिटर सेकंदाला येतात. पाचपट! मग पंप कितीही चांगला असो, भुयार भरणारच.

म्हणून क्रम असा: आधी पाणी बाहेर अडवा. रॅम्प सुरू होण्याआधी रस्ता 30 सेंमी उंच करून मग खाली उतरवा, त्या उंचवट्याच्या आधी आडवी जाळीची गटार द्या. नंतर रॅम्पवर पत्र्याचं छत घाला. 1,500 पैकी 1,000 चौरस मीटर झाकलं आणि छताचं पाणी बाहेरच्या नालीत सोडलं की पाणी एक तृतीयांशावर येतं. पंप सगळ्यात शेवटी. आणि त्याच्याही आधी लेव्हल घ्या: जवळच्या नाल्याचा तळ भुयाराच्या तळापेक्षा खाली असेल तर पाइप टाकून पाणी आपोआप जाईल. मात्र नाल्याला पूर आला की तेच पाणी उलटं येतं, म्हणून पाइपाच्या तोंडाला झडप हवी. नाल्याच्याच मोरीतून सायकलवाट काढायचा मोह होतो. ते करू नका.

वीज वादळातच जाते. जनरेटर किंवा दुसरी लाइन निविदेतच हवी, आणि पॅनल रस्त्याच्या पातळीवर, भुयारात नको. हौदाआधी गाळ बसायला खड्डा हवा. पंप जळतात ते बहुधा पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या अडकून. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर चाक अडकतं.

पाऊस थांबल्यावरही बॉक्सच्या सांध्यांतून झिरप सुरू राहते, कधी कधी दिवाळीपर्यंत. तळाला शेवाळ धरून सायकल घसरते. सांध्यांना वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी), भिंतीलगत 15 सेंमीची नाली, आणि वीजबिल व सफाईची दरवर्षीची तरतूद, हे तिन्ही मागणीपत्रात लिहा.

रुळापल्याड
मनापासून आभार. दोन शंका उरल्या: मोटारसायकली घुसल्या तर? आणि काळ्या मातीत ट्रॅक टिकतो का?

गटनंबर
तोंडाशी 1.2 मीटर अंतराने खांब लावा. रिक्षा अडते, व्हीलचेअर जाते. मोटारसायकल मात्र खांबांनी अडत नाही, आणि तिला अडवणारा फिरता दरवाजा लावला तर तीनचाकी सायकल आणि अपंगांची गाडीही अडते. लेव्हलस्टाफ यांच्या साडेपाच मीटरमध्ये दुचाकींना वाट द्यावी असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. एकदा वाट दिली की सायकलवाला भिंतीला चिकटतो. दुचाकीसाठी जवळच वेगळी सोय मागा.

लेव्हलस्टाफ
मी थोडा वेगळा विचार करतो. जवळ दुसरी सोय नसेल तर दुचाकी येणारच. मग रुंदी 7.5 मीटर मागा, दुचाकीला 2 मीटरची वेगळी पट्टी द्या आणि सायकलमार्ग 15 सेंमी उंच ठेवा.

काळ्या मातीचं: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. निदान 45 सेंमी माती काढून 30 सेंमी मुरूम दोन थरांत पाणी मारून दाबा, वर 15 सेंमी खडीचा थर, त्यावर 12 सेंमी काँक्रीट, दर 3 मीटरवर सांधा. पेव्हर ब्लॉक नको; काळ्या मातीवर दोन पावसाळ्यांत लाटा पडतात. कडेची नाली ट्रॅकच्या थरांपेक्षा खोल हवी, नाहीतर पाणी मुरमात शिरून माती पुन्हा फुगते. घरांच्या फाटकापाशी ट्रॅक सपाट ठेवा, उतार गाडीला द्या. दर 10 मीटरला ट्रॅक खालीवर होत राहिला तर सायकलवाला तो सोडून रस्त्यावर येतो.