बूम फवारणी यंत्रातून ठरल्यापेक्षा जास्त पाणी पडते आहे : नोझल बदलावेत की पंप?

शिवारवाट :
माझ्याकडे ट्रॅक्टरवर चालणारे 400 लिटर टाकीचे फवारणी यंत्र असून त्याच्या बूमवर, म्हणजे नोझल लावलेल्या आडव्या दांड्यावर, 50 सेंटिमीटर अंतराने 12 पिवळे, पंख्यासारखा फवारा देणारे नोझल आहेत. 3 बार दाब आणि ताशी 6 किलोमीटर वेग धरून एकरी सुमारे 65 लिटर पाणी लागेल, म्हणजे एका टाकीत सहा एकर होतील, असा माझा हिशोब होता. प्रत्यक्षात पाचवा एकर संपता संपता टाकी रिकामी होते. दाबमापकाचा काटा सतत थरथरतो आणि टाकीत फेसही फार होतो. तणनाशकाची फवारणी तोंडावर आली आहे. नवे यंत्र किंवा नवा पंप घेणे या हंगामात शक्य नाही. थोडे नोझल, एखादी गाळणी, नळी एवढाच खर्च झेपेल. सुरुवात कुठून करावी?

खोलनांगर :
काटा थरथरतो म्हणजे पंप संपला, असे मी अनुभवाने सांगतो. मी गेल्या हंगामात नवा डायाफ्राम पंप बसवला आणि त्याच्या जोडीला वेगानुसार प्रवाह आपोआप राखणारा नियंत्रकही घेतला. तेव्हापासून हिशोब असा जुळतो की शेवटच्या ओळीला टाकी बरोबर संपते. एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा.

मोजमाप :
पंप थकला तर पाणी कमी पडते, जास्त पडत नाही. त्यामुळे वरील सल्ला या तक्रारीला लागू होत नाही. पाणी जास्त पडण्याची कारणे तीनच संभवतात : वेग समजतो त्याहून कमी आहे, नोझल झिजले आहेत, किंवा दाबमापक खोटा दाब दाखवतो आहे. तिन्ही गोष्टी मोजता येतात. टाकी अर्धी भरून, फवारणीच्याच गिअरमध्ये आणि त्याच थ्रॉटलवर, रस्त्यावर नव्हे तर शेतात 100 मीटर ट्रॅक्टर चालवा. 60 सेकंद लागले तर वेग ताशी 6 किलोमीटर आणि 75 सेकंद लागले तर 4.8 किलोमीटर असतो. मग ट्रॅक्टर उभा करून तेवढ्याच दाबावर प्रत्येक नोझलखाली एक मिनिट मापाचे भांडे धरा. पिवळ्या नोझलमधून 3 बारला मिनिटाला 0.8 लिटर पाणी यायला हवे. नव्यापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक देणारा नोझल काढून टाकावा. एका नोझलच्या लिटरला 600 ने गुणून, वेग आणि मीटरमधील अंतर यांच्या गुणाकाराने भागले की हेक्टरी लिटर मिळतात, त्यांना 2.47 ने भागा म्हणजे एकरी आकडा येईल.

सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे आपण टाकीत सहा एकरांचे औषध घालून ते पाच एकरांत संपवत आहात. तणनाशकाची एवढी वाढीव मात्रा पिकालाच भोवू शकते, म्हणून मोजणी होईपर्यंत फवारणी थांबवावी.

हिरवाबांध :
नोझल चोंदला म्हणून मी तो सुईने साफ केला होता. छिद्राची कड बिघडून फवारा एका बाजूला फेकला जाऊ लागला आणि शेतात तणांचे पट्टे उभे राहिले, ज्याचे दुःख मला अजून आहे. मऊ ब्रश आणि पाणी याखेरीज काहीही वापरू नका, आणि तोंडाने तर कधीच फुंकू नका. घ्यायचेच असतील तर बाराही नोझल सिरॅमिकचे घ्या.

खोलनांगर :
सिरॅमिक नोझल हातातून पडला की तडकतो. माझे स्टेनलेस स्टीलचे नोझल उत्तम चालले आहेत.

हिरवाबांध :
पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीची औषधे वारंवार मारणाऱ्याला सिरॅमिकचे मोल कळते, कारण ती भुकटी छिद्र घासत राहते. पितळी नोझल तर सर्वांत आधी झिजतात.

ओलावा :
नोझल कशाचे याआधी फेसाकडे पाहा. फेस आणि थरथरता काटा एकत्र दिसले की माझा पहिला संशय पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी खेचणाऱ्या नळीकडे जातो. त्या नळीला बारीक चीर असेल किंवा पट्टी सैल असेल, तर तेथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच हा दोष डोळ्यांना दिसत नाही. जोडावर साबणाचे दाट पाणी लावा, ते आत शोषले गेले की जागा सापडली. त्याबरोबर ओढीची गाळणी धुवा आणि पंपाच्या हवाकोशातील (दाबाचे धक्के शोषणाऱ्या हवेच्या कप्प्यातील) दाबही तपासा. हे नीट केल्याशिवाय नोझल मोजू नका, कारण काटा हलत असताना घेतलेले माप भरवशाचे नसते.

काळीमाती :
इतके करण्यापेक्षा दाब 3 वरून 2.4 बारवर आणा, पाणी कमी होईल. शिवाय नोझल बाराही बदला, हे वर सांगितलेच आहे.

मोजमाप :
दाब कमी केल्याने पाणी घटेल हे खरे, परंतु प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो. शिवाय एखादाच नोझल फार झिजला असेल, तर त्याच्या ओळीवरचा जास्तीचा पट्टा दाब घटवूनही तसाच राहील.

शिवारवाट :
सर्वांचे आभार. ओढीच्या नळीची एक पट्टी खरोखरच सैल होती. ती बदलताच फेस कमी झाला आणि काटा स्थिरावला. त्यानंतर दुसऱ्या, खात्रीच्या दाबमापकाशी ताडून पाहिले तर माझा मापक बरोबर निघाला. 100 मीटरला 66 सेकंद लागले, म्हणजे वेग ताशी सुमारे 5.45 किलोमीटर आहे. दहा नोझलमधून 0.86 लिटरच्या आसपास आणि दोघांमधून 1.1 लिटर पाणी आले. सरासरी 0.9 धरली तर एकरी 80 लिटर होतात, आणि टाकी पाच एकरांतच का संपत होती ते कळले.

बाराही नोझल बदलावेत असे आपल्यापैकी अनेकांना वाटते, तरी मी दोनच बदलले आहेत, कारण उरलेले दहा 10 टक्क्यांच्या मर्यादेत बसतात. वेगही वाढवणार नाही, कारण माझ्या उंचसखल रानात बूम हेलकावतो. आता एकरी 76 लिटर पडतात. तोच आकडा धरून भरलेल्या टाकीत सव्वापाच एकरांचेच औषध घालीन.

खोलनांगर :
जुन्यात नवे मिसळणे मला पटत नाही. पुढच्या हंगामात उरलेले दहाही काढावे लागतील.

शिवारवाट :
तेव्हा पुन्हा मोजून ठरवीन. बाराही नोझलना क्रमांक देऊन आजची मापे टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहेत.